गिझर आणि गळती

दशलक्षण पर्वात पहाटे अभिषेकाची घाई, आणि गिझर लावला की घरभर अंधार. तीनदा झालं. वायरमन म्हणाला, "ताई, आरसीसीबी बायपास करतो, कटकट मिटेल." मी हो म्हणणारच होते, तर सासूबाईंनी विचारलं, "पण तो पडतो कशानं?"

फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परतला नाही, 30 मिलिअँपिअर जरी बाहेर गळला, तरी तो पडतो. एमसीबीला एवढी गळती कळतही नाही. गिझर उघडला, कॉइल चिरलेली! पाणी गाळल्याशिवाय न वापरणारी मी, ही गळती मात्र झाकायला निघाले होते.

आता दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबते. मुलं ओरडतात, वायफाय गेलं म्हणून.