पोराचा हिशोब वेगळा ठेवा

"खावटीचा रुपया देत नाही, अन् पोराले भेटाले येते!" हे एका ओट्यावर ऐकावं, आणि "पोरगं दाखवत नाही, त पैसे काहून देऊ?" हे दुसऱ्या. वलगावात हेच बोललं जातं आणि अमरावतीत पेशीला आलेल्या माणसांतही हेच. बोलणारी माणसं खरोखर दुखावलेली असतात, म्हणून मला त्यांचा राग येत नाही. पण दोन्हीकडे पोर तारण ठेवलेलं असतं, हे मात्र मनातून जात नाही.

कायद्यानं ही अदलाबदल कधीच मान्य केलेली नाही. खावटीचं जुनं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, त्यात 'मूल भेटलं तरच पैसे' अशी अट नाही. थकबाकीपायी बाप तुरुंगात जाऊन आला तरी ती रक्कम फिटत नाही. ताबा आणि भेटीचा प्रश्न वेगळ्या कायद्यांखाली चालतो आणि तिथं पाहायचं असतं मुलाचं हित. आईबाप दोघांचाही सहवास हा मुलाचा हक्क आहे, मूल ज्याच्याजवळ नाही त्याला भेट आणि फोनवर बोलणं मिळालं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे पैसाही पोराचा आणि भेटही पोराचीच.

वऱ्हाडात याला आणखी एक गाठ आहे. हुकूम महिन्याचा असतो, पण कास्तकाराच्या हाती पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, कापूस विकल्यावर. मृगाच्या तोंडावर बियाण्यालाच उसनवारी. तेव्हा 'नाहीच माझ्याजवळ' म्हणणारा प्रत्येक बाप खोटा नसतो. पण सातबारा आजोबाच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर आणि आपण कागदोपत्री मजूर, असेही आहेत. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी यावर उपाय केला. दोन्ही पक्षांनी उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा नमुनाच वेगळा: जमिनीत वाटा किती, कोरडवाहू की ओलीत, बटईनं केली का, गायी-बकऱ्या किती, कर्ज किती, मागच्या तीन वर्षांत पिकलं काय. खावटीही अर्जाच्या तारखेपासून धरायची. त्या खटल्यातला अर्ज २०१३ चा होता. तेव्हाचं तान्हं पोर निकाल लागेपर्यंत शाळेत जाण्याएवढं झालं होतं. दूध, लस, पहिलं दप्तर, सगळं त्या मधल्या वर्षांत येऊन गेलं.

गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला आमच्या वलगावजवळ, पेढी नदीपाशी देह ठेवला. घरातलं ताट विका, हातावर भाकर घ्या, पण लेकराला शिकवा, हे ते कीर्तनातून जन्मभर सांगत राहिले. ताट मोडायची तयारी सोडा, इथं कोर्टानं ठरवून दिलेली फी आपण थकवतो आणि त्याचं समर्थनही करतो, हे मला सहन होत नाही.

जिथं मारहाण झाली, दारू आहे, पोर उचलून नेण्याची भीती आहे, तिथं आईनं पाऊल मागं घेणं अगदी रास्त. त्यासाठी देखरेखीखाली भेट मागता येते. मात्र निव्वळ रागापायी चार-पाच वर्षांच्या पोराला 'तुह्या बापानं तुले टाकलं' असं शिकवणारे मामा आणि 'तुही माय पैशासाठी तुले घेऊन गेली' म्हणणारी आजी, यांना कुठलाच निकाल आवरू शकत नाही. ते घरच्यांनीच आवरायचं आहे.

म्हणून दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगणं: भेटीच्या दिवशी पोराला वेळेवर धाडा, आणि परत आल्यावर त्याची उलटतपासणी करू नका. बापानं पीक विकल्याबरोबर पुढच्या महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. आणि खावटी थकलीच तर बाईनं वाट पाहत बसू नये. ज्या महिन्याची रक्कम थकली त्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना त्यासाठी वकील मोफत मिळतो.