रोमच्या वेशीबाहेर : सुईणीची कबर

मंगळवार
दिवसभर ओस्तिया आंतिका या प्राचीन रोमन नगराच्या अवशेषांत होतो. नाट्यगृह, स्नानगृहे, धान्याची कोठारे. पाहण्यासारखे पुष्कळ, पण मन उद्याकडे लागलेले.

बुधवार
ईझोला साक्रा. एका बाजूला टायबर नदी, दुसरीकडे सम्राट ट्राजनच्या काळातला कालवा आणि तिसरीकडे समुद्र, असे हे बेट. फ्युमिचीनोचा विमानतळ जवळच आहे. विमान गेले की पुन्हा सगळे शांत. सकाळी इथल्या प्राचीन दफनभूमीच्या आवारात माझ्याखेरीज कोणी नव्हते.

गावाच्या हद्दीत प्रेत पुरायला रोमन कायद्याची मनाई होती. म्हणून ओस्तियाहून पोर्तुस बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याकडेला ही विटांची थडगी उभी राहिली. पुढे वाळूने ती झाकली आणि वाळूनेच राखली. पुरातत्त्वज्ञ ग्विदो काल्त्सा यांनी 1925 ते 1940 या काळात ती उकरून काढली.

इथे सेनापती नाहीत, व्यापारी आणि कारागीर आहेत. अनेकजण गुलामीतून सुटलेले. दारावरच्या शिलालेखात जागेचे माप फुटांत दिलेले असते आणि आत कोणाला पुरायचे तेही. काही थडग्यांच्या दाराशी दोन बाजूंना दगडी बाक आहेत. मृतांच्या दिवशी घरची माणसे त्यांवर रेलून जेवत.

सर्वांत जास्त वेळ थांबलो तो स्क्रिबोनिया आत्तिकेच्या थडग्यापाशी. ही सुईण. तिने स्वतःसाठी, नवऱ्यासाठी, आईसाठी आणि मुक्त केलेल्या गुलामांसाठी ही जागा बांधली. पनारातुस आणि प्रोस्दोकिया या दोघांना मात्र नावे घेऊन वगळले. काय बिनसले असेल? भाजलेल्या मातीच्या एका शिल्पात बाळंतीण खुर्चीचे हात घट्ट धरून बसली आहे, मागून एकीने तिला सावरले आहे आणि पुढे ठेंगण्या बैठकीवर सुईण. तिचे तोंड बाळंतिणीकडे नाही, आपल्याकडे आहे. दुसऱ्या शिल्पात वैद्य एका रुग्णाच्या पायावर उपचार करतो आहे. तो तिचा नवरा उल्पियुस अमेरिम्नुस असावा. बाळंतपण करणाऱ्या बाईचे काम थडग्याच्या दर्शनी भिंतीवर इतक्या अभिमानाने मांडलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

थडग्यांच्या मधल्या वाळूत गरिबांची दफने आहेत. खूण म्हणून अम्फोरा, म्हणजे दारू-तेलाचे मातीचे रांजण, पुरलेले. तोंड तेवढे जमिनीच्या वर. त्यातून आत मद्य ओतून मृताला अर्पण करायचे. नाव नाही, माप नाही, पण आठवण ठेवायची सोय आहे. हे पाहून फार बरे वाटले.

रोमला आलात तर इथे अर्धा दिवस जरूर द्या. फाटक कोणत्या दिवशी उघडे असते ते आधी विचारून निघा. सुईणीच्या थडग्याच्या भिंतीवर आज प्रतिकृती आहेत. मूळ शिल्पे ओस्तियाच्या संग्रहालयाकडे आहेत.