लिऑन गूसन्स आणि त्यांचा ओबो

सनईचा सूर आपणांस नवा नाही. तिचा युरोपातील एक नातलग म्हणजे ओबो. नळाची दोन पातळ पाती एकत्र बांधून त्यांतून फुंकावयाचे, ही रीत दोहोंत एकच. वाद्यवृंदातील सारी वाद्ये ओबोच्या एका स्वरावर आपला सूर जुळवून घेतात. पण मैफलीत मानाचे आसन मिळते ते बहुधा पियानोस वा व्हायोलिनला. केवळ ओबो ऐकण्यासाठी श्रोत्यांनी जमावे, असे शतकापूर्वी क्वचितच घडे. ते घडवून आणणाऱ्यांत लिऑन गूसन्स ह्या इंग्रज वादकाचे नाव आम्ही प्रथम घेऊ.

त्यांचा जन्म १८९७ साली लिव्हरपूल येथे झाला. घराणेच संगीताचे. वडील व थोरले बंधू यूजीन वाद्यवृंदाचे संचालक, दोघी बहिणी हार्पवादक. हॉर्न वाजविणारा भाऊ ॲडॉल्फ १९१६ साली महायुद्धात कामास आला. लिऑन विशीच्या आतच लंडनच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात ओबोचे प्रमुख वादक झाले. पुढे तेही युद्धावर गेले, जखमी झाले आणि परतून पुन्हा वाजवू लागले.

त्या काळच्या इंग्लंडात ओबोचा स्वर बराच कोरडा असे. गूसन्स ह्यांनी त्यास गळ्यासारखा कंप दिला. सोबतच्या वादकांनी प्रथम थट्टा केली, संगीतकारांनी मात्र कान दिला. बेंजामिन ब्रिटन ह्यांनी १९३२ साली एक चतुष्क त्यांना अर्पण केले. व्हॉन विल्यम्स ह्यांनी त्यांच्यासाठी रचलेला कन्चेर्टो १९४४ साली लंडनला व्हावयाचा होता; परंतु उडत्या बाँबमुळे तो लिव्हरपूलला, म्हणजे त्यांच्या जन्मगावीच, प्रथम वाजला.

ओबोवादकास श्वास कमी पडतो असे आपणांस वाटेल. खरी अडचण उलटी आहे. पात्यांमधील फट इतकी अरुंद की हवा छातीतच कोंडते. नवा श्वास घेण्यापूर्वी जुना सोडावा लागतो. आणि सारा भार ओठांवर, दातांवर.

१९६२ साली मोटार अपघातात नेमके तेच गेले. वय पासष्ट. मानमरातब भरपूर मिळाला होता. थांबले असते तर कोणी बोल लावला नसता. अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांनी फुंकण्याची रीत मुळापासून नव्याने शिकावयास घेतली. नवशिक्यास आपले बेसूरपण फारसे कळत नाही, हे त्याचे भाग्य. ह्यांच्या कानास मात्र पन्नास वर्षांचा खरा सूर ठाऊक होता. रोज तो कान घेऊन बसणे ही आमच्या मते ह्या आयुष्यातील सर्वांत अवघड गोष्ट. शेवटी ते पुन्हा व्यासपीठावर आले, नवी ध्वनिमुद्रणेही केली आणि १९८८ साली नव्वदाव्या वर्षी निवर्तले.

आमच्या गावच्या बँडपथकात क्लॅरिनेट वाजविणारे एक वडीलधारे गृहस्थ आहेत. समोरचे दात पडल्यापासून त्यांनी वाद्याची पेटी माळ्यावर टाकली आहे. कवळी बसविली, तरी ओठ फसतो म्हणतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्या ओटीवर बसून मोबाईलवर गूसन्स ह्यांचे वादन लावले व ही हकीकत सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते.

“अपघाताआधीचं की नंतरचं, फादर?”

“आधीचं.”

“मग नंतरचं लावा,” ते म्हणाले.