व्हरांड्यातील पट

वसतिगृहाच्या मागील व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, फरशीवर पंचवीस घरांचा एक पट रंगवलेला आहे. नवे पालक तो पाहून थबकतात आणि शिस्तीच्या शाळेत हे कसे, असे विचारतात. स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा या शाळेतील निकाल, सत्कार आणि मान्यवरांच्या भेटी बाजूला राहून आम्हांला प्रथम तो पटच आठवला. त्याची हकिकत सांगायची, तर आधी आमची एक चूक सांगावी लागेल.

मार्च २०२० मध्ये दहावीचे विद्यार्थी वसतिगृहात होते. इतिहासाचा पेपर होऊन गेला होता आणि २३ मार्चच्या भूगोलाच्या पेपराची तयारी चालू होती. तो पेपर पुढे ढकलल्याची घोषणा झाली, मग जनता कर्फ्यू आला, एस.टी. थांबली आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. ज्यांचे पालक गावी होते, ते मुलांना मोटारसायकलींवरून घेऊन गेले. सात मुले मागे राहिली. त्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. गावातील घरांना कुलपे होती आणि माणसे शेकडो मैलांवर, कारखान्याच्या फडात, कोप्यांमध्ये अडकली होती.

आम्ही आणि आमच्या सहचारिणी शाळेच्या आवारातील दोन खोल्यांच्या निवासात राहतो. स्वयंपाकाच्या मावशींना शेजारच्या गावातून येणे अशक्य झाले, तेव्हा भाकरी-पिठल्याचे काम सहचारिणींनी अंगावर घेतले. धान्य होते, पाणी होते, छप्पर होते. त्यामुळे मुलांना काही कमी नाही, असे आम्ही धरून चाललो. सकाळी दोन तास अभ्यास, दुपारी वाचन, सायंकाळी वंदना आणि रात्री बातम्या, असे वेळापत्रक आम्ही फळ्यावर लिहिले. जणू संकटाने आमच्या वेळापत्रकाला मान देऊन बाहेरच थांबावे!

आठ दिवसांत ते कोलमडले. दूरदर्शनवर जुन्या मालिका पुन्हा सुरू झाल्या होत्या, त्या मुले पाहत. पण रात्रीच्या बातम्यांत डोक्यावर बोचकी घेऊन रस्त्याने चालत निघालेली माणसे दिसू लागली, की खोलीत कुणी बोलत नसे. त्यांच्यापैकी एकाने जेवण जवळजवळ सोडले. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. विचारले, तर "काही नाही, सर," एवढेच म्हणे. आम्ही त्याला धीराचे चार शब्द सांगितले, थोरांची उदाहरणे दिली. तो उठून बसला, ऐकून घेतले आणि पुन्हा आडवा झाला. सत्तावीस वर्षांच्या अध्यापनात आपले शब्द इतके निरुपयोगी झालेले आम्ही क्वचितच पाहिले असतील.

त्या मुलाशी आमचा जुना हिशेब होता. तो आठवीत असताना याच व्हरांड्यात कोळशाने अष्टाचंगाचा पट काढून तो मित्रांसह खेळत बसला होता. आम्ही चिंचोके काढून घेऊन कुंपणापलीकडे भिरकावले आणि फरशी त्याच्याकडूनच घासून घेतली. वर दीघनिकायाचा दाखलाही दिला. त्यातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, तथागत ज्या खेळांपासून दूर राहत त्यांची यादी आहे. आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटांचे खेळ तिच्यात आरंभीच येतात. इतिहासाच्या शिक्षकाजवळ पुरावा असला, की त्याचा हात जरा अधिकच चालतो.

टाळेबंदीतील एका दुपारी आम्ही ते सुत्त पुन्हा काढून वाचले. ती यादी श्रद्धाळूंनी दिलेले अन्न खाऊन खेळांत रमणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांविषयी आहे. तेरा वर्षांच्या मुलांचा तिच्याशी काय संबंध? ही बाब तिथे स्पष्ट असताना आम्ही ती सोयीने वगळली होती. आणखी एक गोष्ट त्या दुपारी ध्यानात आली. पटांमागोमाग तिथे विटीदांडूसारखा खेळ येतो. पानांची पिपाणी, खेळण्यातला नांगर, भिरभिरे, छोटा रथ, छोटे धनुष्य येते. अडीच हजार वर्षांपूर्वीची मुले आपला जीव कशात रमवीत, याची एवढी बारकाईची नोंद आम्ही केवळ दंडुक्यासारखी वापरली होती. शेवटाकडे 'अक्खरिका' नावाचा खेळ आहे. हवेत किंवा गड्याच्या पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखायचे, असा त्याचा अर्थ सांगतात.

त्या सायंकाळी खडू घेऊन आम्ही व्हरांड्यात बसलो आणि पाच-पाच घरांचा पट आखू लागलो. फुल्या कुठे मारायच्या ते आम्हांला आठवेना. त्या मुलाला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला, बराच वेळ पटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, मागं तुम्हीच पुसायला लावलं होतं."

"चुकलं आमचं," आम्ही म्हणालो. "फुली कुठे येते ते सांग."

सहचारिणींनी डब्यातून चिंचोके काढून दिले. मुलांनी ते फोडून त्यांची डाळ केली. सोंगट्या म्हणून खडे, बांगडीचे तुकडे आणि तुरीच्या काड्या जमल्या. चार चिंचोके हातात खुळखुळवून टाकायचे. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याखेरीज आतल्या घरांत जाता येत नाही. आमच्या सोंगट्या त्या सायंकाळी सात वेळा मेल्या आणि प्रत्येक वेळी जो गलका झाला, तो ऐकून सहचारिणी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्खरिका खेळलो. अंतर राखायचे असल्याने पाठीवर लिहिणे बाद होते, म्हणून हवेतच अक्षरे काढायची ठरली. कुणी 'भाकर' लिहिले, कुणी 'भूगोल'. त्या मुलाची पाळी आली. त्याने हळूहळू तीन अक्षरे काढली. दोनदा कुणाला ओळखता आली नाहीत. तिसऱ्यांदा सर्वांत लहान मुलगा ओरडला, "रिचार्ज!"

वडिलांच्या मोबाइलमधील पैसे संपले होते आणि बारा दिवस बोलणे झाले नव्हते. हे त्याने आम्हांला का सांगितले नाही, हा प्रश्न आम्ही त्याला विचारला नाही. त्याचे उत्तर आमच्यापाशीच होते. ज्या माणसाने आपले चिंचोके फेकले, त्याच्यापाशी पैसे कसे मागावेत? आम्ही आमच्या मोबाइलवरून रिचार्ज केला. रात्री नऊला फोन लागला. तो अंगणात दूर जाऊन बोलत होता आणि आम्ही मुद्दाम खोलीतला दिवा लावला नाही.

पंधरवडाभर उपदेशाला जे साधले नाही, ते एका पोरखेळाने साधले. खेळाने त्याचे दुःख हटले नाही. आईवडील अजून फडातच होते. पण मिटलेले तोंड उघडले, आणि तोंड उघडले तरच दुसऱ्याला काही करता येते.

त्या वर्षीची १४ एप्रिल, १२९ वी भीमजयंती, सर्वांनी घरातच साजरी केली. आमच्याकडे मिरवणूक नव्हती, खीर होती. दर जयंतीला आम्ही बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासावर बोलतो. या वेळी मुलांना सांगितले, की त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. मुलांना ते खरे वाटेना. इतकी वर्षे ही गोष्ट ठाऊक असूनही आम्ही वर्गात कधी सांगितली नव्हती. कष्टाची बाजू तेवढी सांगून विसाव्याची लपवली, तर चरित्रही अर्धेच राहते.

एप्रिलच्या उत्तरार्धात ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी मिळाली आणि एकेक करून मुले घरी गेली. भूगोलाचा पेपर अखेर रद्द झाला. गुण सरासरीने मिळाले. निघताना त्या मुलाने चिंचोके आमच्या हाती दिले आणि म्हणाला, "सर, आता फेकू नका."

शाळा पुन्हा भरली, तेव्हा खडूचा तो पट आम्ही तेलरंगाने पक्का करून घेतला. चिंचोके आमच्या टेबलाच्या खणात आहेत. सायंकाळी पाचनंतर जो मागेल त्याला मिळतात. यंदा फुल्यांचा रंग बराच उडाला आहे. वर्धापनदिनाच्या रंगकामात त्या पुन्हा भरून घ्याव्यात, एवढीच व्यवस्थापनाला नम्र विनंती.