लुगडी इतकी नीटनेटकी कशी?

नाट्यस्पर्धेच्या गुणपत्रिकेत, वेशभूषेच्या रकान्यात परीक्षकांनी लिहिलं होतं, की आमच्या १९२७च्या महाड सत्याग्रहावरच्या नाटकातल्या अस्पृश्य स्त्रियांची लुगडी फार नीटनेटकी दिसतात, वास्तव वाटत नाहीत. गुण कापले. गुणांचं मला काही नाही, हौशी नाटकात ते येतात-जातात. पण चवदार तळ्याच्या गावात शिवलेल्या कपड्यांबद्दल कुणी असं लिहावं, याचा संताप अजून गेलेला नाही.

मी महाडात शिवणक्लास चालवते आणि कॉलेजच्या नाट्यमंडळाच्या मुलांना कपडेपट शिकवते. मुलं पोलादपूरकडून एसटीने येतात. मुलग्यांनीही मशीनवर बसायचं, ही माझी अट. रायगड जवळ असल्यामुळे आमच्याकडे शिवकालीन ड्रेपरी हवी तेव्हा भाड्याने मिळते. जिरेटोप, अंगरखे, शेले, काय हवं ते. १९२७ सालचे साध्या माणसांचे कपडे मात्र कुणाकडे नसतात. ते शिवावेच लागतात.

नाटकाची शिलाई घरच्या शिलाईपेक्षा वेगळी. माया भरपूर सोडायची, कारण पुढच्या वर्षी तीच बंडी दुसऱ्या अंगावर चढणार. पांढरंशुभ्र कापड दिव्यांखाली डोळ्यांवर येतं, म्हणून मांजरपाट आधी चहाच्या पाण्यात बुडवायचा. घाईत बदलायच्या कपड्याला काज-बटण समोर दिसू द्यायचं, पण खाली वेल्क्रो लावायचं. एवढं मुलं पटकन शिकली. अडलं ते ठिगळांपाशी.

गरीब माणूस म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर ठिगळच येतं. लाल कापडाचा चौकोन, त्याला काळ्या दोऱ्याचे बोटभर लांब टाके. एका मुलाने तर कोऱ्या लुगड्याला कात्री लावून वर असं ठिगळ चिकटवलं. मी ते उसवायला लावलं. मग आम्ही इतिहास वाचायला बसलो.

२० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्या वेळी महाडात भरलेल्या परिषदेमागे दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोऱ्यांची धडपड होती, हे थोड्यांना. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, हेही माहीत. पण त्याच डिसेंबरच्या मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, आणि बोलले ते कपड्यांबद्दल, हे वर्गात एकालाही माहीत नव्हतं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि कथलाचे जड दागिने ही तुमच्या जातीची खूण आहे, ती टाका. घोळदार, पावलांपर्यंत नेसा. कपड्याला ठिगळं असली तरी चालतील, पण तो स्वच्छ हवा. असा त्या बोलण्याचा आशय होता. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्या बायकांना तसं नेसायला मदत केली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’मुळे या बायकांची गोष्ट आमच्यापर्यंत पोचली.

माझ्या दृष्टीने महाडातला शिवण-नेसणाचा सगळ्यात मोठा वर्ग तोच. तिथून आमच्या नाटकाचा कपडेपट ठरला.

ठिगळ ठेवलं, पण खरं ठेवलं. जुन्याच लुगड्याचं कापड आतून लावायचं, कडा दुमडायच्या, टाका इतका बारीक की हात फिरवल्यावरच कळावं. जवळ दोनच लुगडी असलेली बाई ठिगळ असंच लावते. तिला ते मिरवायचं नसतं, लुगडं टिकवायचं असतं. पोलादपूरच्या एका मुलीने आजीकडून हा टाका शिकून येऊन मलाच दाखवला.

आणि शेवटचा प्रवेश. गुडघ्यापर्यंत घेतलेला घोळ आम्ही एकाच लांब धावदोऱ्याने धरून ठेवला. टोकाला सैल गाठ कमरेपाशी. बाबासाहेबांचं बोलणं ऐकून बाई ती गाठ सोडते, दोरा ओढते आणि घोळ पावलांपर्यंत उतरतो. दोरा जाड हवा, टाके सारखे हवेत, नाहीतर मध्येच अडकतो. मुलांनी तालमीमागून तालीम तो दोरा घालून काढला. प्रयोगात सगळ्या मुलींचे घोळ एकदम उतरले. प्रेक्षागृहात टाळी पडली.

हे बघूनही परीक्षकांना कपडे अवास्तव वाटले! वास्तव म्हणजे काय हवं होतं? मळ? फाटलेल्या बाह्या? परिषदेला निघालेला माणूस असेल तो धुतलेला कपडा घालून निघतो. कोकणातल्या महार समाजात लष्करी पेन्शनरांची परंपरा होती. त्यांतलेच एक, गोपाळबाबा वलंगकर, इथल्याच रावढळचे. वर्दीची शिस्त ठाऊक असलेली घरं होती ती. कोल्हापूरच्या भानू अथैय्यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटात साध्या खादीलाही केवढं महत्त्व आहे! मग आपल्या नाटकात दलिताच्या अंगावरचा कपडा विचार न करता मळवला का जातो?

कपड्याने स्वतः बोलावं, समजावून सांगायची वेळ येऊ नये, असं मी मुलांना सांगत आले. आता माझंच मत डळमळलंय. पुढच्या प्रयोगाच्या पत्रिकेत वेशभूषेबद्दल चार ओळी छापायच्या, असं मुलांनी ठरवलंय आणि मी हो म्हटलंय. खाली शिवणाऱ्या प्रत्येकाचं नाव असेल.

एक विनंती. महाड-पोलादपूरच्या गावांत कुणाच्या पेटीत पणजीचं लुगडं, गाठीची चोळी किंवा बंडी असेल, तर मापं घेण्यासाठी आम्हाला एक दिवस द्या. एकही टाका न उसवता परत करू.