ऐकलं तेच सांगणारा

निरोप पोचवायला आपल्याकडे माणसं भरपूर. धड पोचणारे निरोप मात्र थोडे. कारण मधल्या माणसाला स्वतःची मतं असतात. बँकेत साहेब शिपायाला म्हणतात, "कुलकर्ण्यांना सवडीनं या म्हणावं." शिपाई काउंटरपाशी येईपर्यंत त्याचं "साहेब भडकलेत, आत्ताच्या आत्ता बोलावलंय" झालेलं असतं.

म्हणूनच रिपीटर नावाच्या यंत्राबद्दल मला नितांत आदर आहे. रिपीटर म्हणजे दोन वॉकीटॉकींमधला निरोप्या. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, जास्त जोरात, तेच बोलायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही. फ्रिक्वेन्सी दोन अशासाठी, की एकच ठेवली तर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत राहील. आमच्या सोसायटीच्या सभेत अनेकांचं हेच होतं.

आता हा निरोप्या लागतो कशाला? तर हातातल्या वॉकीटॉकीचा जोर साधारण पाच वॅट. घरातला जुना झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त वीज खायचा. शिवाय तिच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल आहे हे शाळेत घोकलेलं सत्य इथे आडवं येतं. हिशेब कॉमर्सवाल्यालाही जमण्यासारखा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. जुहूच्या वाळूत उभ्या जीवरक्षकानं तोंडाशी धरलेला सेट दीड मीटरवर, म्हणजे त्याचं क्षितिज पाच किलोमीटरवर. तेही मध्ये इमारती नसतील तर! रिपीटर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर, ६१ मीटर उंच ठेवला असं धरा. कागदावर एकदम ३२ किलोमीटर.

जुहूतच उंच मनोरा बांधू म्हणाल, तर शेजारी विमानतळ, त्यामुळे उंचीवर बंधनं. मग दूरच्या उंच जागी दुसरा रिपीटर ठेवायचा आणि दोघांना जोडायचं. पहिला ऐकतो, दुसऱ्याला सांगतो, दुसरा आपल्या मुलखात तेच बोलतो. पुढे तिसरा जोडला की जुहूचा आवाज घाट चढून जातो.

मोबाइल असताना ही उठाठेव कशाला, असं तुम्ही म्हणाल. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, कुलाब्याला त्याच वेळात ७३ च्या आसपास. एकच शहर, पण एक टोक बुडालेलं आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा पावसाळा. उपनगरांत वीज गेली, मोबाइल मुके झाले. गळ्याइतक्या पाण्यातला माणूस जिवंत आहे, एवढंच घरी कळवायचं होतं; तेच जमत नव्हतं. त्याआधी २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात टेलिफोन बंद पडले, तेव्हा हॅम रेडिओवाले आपापले सेट घेऊन गेले होते. ही सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवणारी हौशी मंडळी. राजीव गांधी त्यांच्यापैकीच एक. त्यांची खूण 'व्हीयू टू आरजी'.

समुद्राला तर घाईच फार. १२ जून २०२३ ला, बिपरजॉय वादळाच्या दिवसांत, जुहूला पाण्यात उतरलेली चार मुलं बुडाली. अशा वेळी किनाऱ्यावर जीवरक्षक, अग्निशमन दल, पोलीस आणि वर हेलिकॉप्टर, असे सगळे धावतात. प्रत्येकाचा रेडिओ वेगळा, फ्रिक्वेन्सी वेगळी. पाण्यात डोकं कुठे दिसलं हे एकानं पाहिलं, तर ते बाकीच्यांना त्याच क्षणी, जसंच्या तसं कळायला हवं. "बहुतेक उत्तरेकडे असेल" अशी भर तिथे परवडत नाही. म्हणून ही निरनिराळी जाळीही एकमेकांना जोडावी लागतात.

एवढं करून शिस्त लागतेच. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि बोलणाऱ्यानं "ओव्हर" म्हणून बटण सोडायचं. आपल्या घरांत ही पद्धत आली तर अर्धी भांडणं ऐकूनच संपतील.

या निरोप्याला पगार नको, चहा नको, बढती नको. फक्त वीज गेल्यावर चालणारी एक बॅटरी हवी. आणि ती भरलेली आहे ना, हे पावसाळ्याआधी वर चढून बघणारा एक माणूस हवा. यंत्र मिळणं सोपं आहे. मे महिन्याच्या उन्हात, कोणी सांगितलं नसताना, वर चढणारा हा माणूस शोधावा लागतो.