बंडूचा पालक

तर मंडळी, डॅलसच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये एक सरडा राहतो. बिअर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला. नाव बंडू. लहानपणी किडे जास्त खायचा, आता मोठा झाल्यावर मुख्य जेवण पालेभाजी. आई फोनवर म्हणते, "अरे, पालक दे की त्याला, अंगाला लागेल!" पण पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, रोज दिला तर हाडं ठिसूळ व्हायची भीती. आपले माठ, चाकवतही त्याच माळेचे मणी. म्हणून मोहरीचा पाला, कोलार्ड, डँडेलियन... सगळं बारीक चिरून. शिवाय वर युव्हीबी दिवा हवाच, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही. आपल्याला जे पौष्टिक, ते त्याला असेलच असं नाही. तेव्हा बंडूला पालक एकच, तो म्हणजे मी. असो!